रंभाबाईची उजवी बाजू

रंगमंचावर मी राण्या केल्या, टाळ्या घेतल्या. पण नागपूरला धंतोलीतल्या त्या दवाखान्यात रंभाबाईनं जे केलं, ते मला कधी जमलं नसतं.

१९८२ साल. महाल भागात माझ्या शेजारी ती हातमागावर लुगडी विणायची. डोक्याला चाई लागली, जागोजागी रुपयाएवढे केस साफ गेले, तेव्हा ती माझ्याकडे नाटकातला टोप मागायला आली. मी तिला एका तरुण डॉक्टरांकडे नेलं. ते चाईवरचं नवं मलम तपासत होते. अट एकच: मलम डावीकडेच लावायचं, उजवीकडे काही नाही. दोन्हींतला फरक हाच पुरावा.

चार महिन्यांनी शेवटच्या तपासणीला निघालो. सायकलरिक्षात तिनं पदर सरकवला. दोन्हीकडे सारखेच काळे कोंब!

“अगं, उजवीकडेही लावलंस?”

“मंग? एक काठ इनायचा अन् दुसरा सोडून द्यायचा? हात आयकत नाही वं बाई. तुमी बोलू नका. नाव काटतीन, दवाई बंद होईन.”

डॉक्टरांनी भिंगातून डोकं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“दोन्हीकडे सारखेच. म्हणजे आपोआप आले. बाकीच्यांतही फरक अंधूकच आहे. हे मलम आता सगळ्यांचंच बंद करावं लागेल.”

दाराबाहेर बाकावर तेच मलम लावणारी उमरेडची कौसल्या बसली होती, लग्नाच्या वयाची, डोक्याला रुमाल. रुमालाच्या कडेतून तिच्या डावीकडे नुकती फुटलेली लव दिसत होती. रंभाबाई तिच्याकडे पाहत राहिली.

“थांबा साहेब. म्या दोन्हीकडे लावलं.”

डॉक्टर ताडकन उठले. “चार महिने फसवलंत मला?”

मग कागद पुढे ओढत ते खाली बसले.

“एकच वाट आहे. उजवीकडचं मलम बंद करा. तिकडचे केस गळले, तर गुण मलमाचा.”

म्हणजे आलेले केस जाणूनबुजून घालवायचे! तिनं उजव्या कोंबांवरून बोटं फिरवली. एकदा, दोनदा.

“लिवा,” ती म्हणाली. “बंद करतो मी.”

सहाव्या आठवड्यात उजवीकडे पुन्हा चाई उघडी पडली. डॉक्टरांचं हसू गालांत मावेना; आता कुणाचंच मलम बंद होणार नव्हतं.

“वा गा डॉक्टर! माहे केस गेले अन् तुमी हासून राहिले!” रंभाबाई म्हणाली, आणि पदर डोक्यावर न घेताच दाराशी जाऊन तिनं हाक मारली, “ये वं कौसल्या, तुही पाळी.”