बर्फाखालचं तीर्थ

जानेवारी लागला की कपितोलिनाच्या जिवाला चैन पडायचं नाही. सगळं गाव म्हणायचं, हिवाळ्यात नदी कशी काचेसारखी! काच कसली डोंबलाची! चामड्याच्या कारखान्यात उभा जन्म गेला होता तिचा. वसंतात बर्फ वितळून नदी गढूळ, फेसाळ वाहते, तेव्हा सगळे नाकं मुरडतात. उन्हाळ्यात ती जरा निवळते. थंडीत मात्र बर्फाखाली पाणी उरतं एवढंसं, आणि कारखान्याच्या सांडपाण्याचा नळ काही गोठत नाही. दिसायला निर्मळ, पोटात सगळं विष. बर्फाला भोक पाडलं की मासे तोंड वर काढून श्वासासाठी तडफडतात.

आणि नेमका त्याच दिवसांत येशूच्या बाप्तिस्म्याचा सण! नदीवरच्या बर्फात क्रूसाच्या आकाराचं भोक पाडायचं, पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हणायची, आणि ते तीर्थ वर्षभर देवाच्या तसबिरीखाली ठेवून घोट घोट प्यायचं. भोक पाडायला तिचा नवरा येफीम सगळ्यांत पुढे.

त्याला तिनं सांगून पाहिलं होतं. "अगं, मंतरलेल्या पाण्यात विष कुठलं? जीभ झडेल तुझी!" मग तिनं नाद सोडला. पण दरवर्षी त्याची पाठ वळली की नदीचं पाणी ओतून टाकायची आणि बरणीत टेकडीवरच्या झऱ्याचं भरायची. वर्षाखेरीला येफीम बरणी उजेडात धरून मिरवायचा, "बघ! वास नाही, शेवाळ नाही. देवाची करणी!"

"हो ना, करणीच," ती म्हणायची आणि हसू दाबायची.

यंदा मात्र तिचीच युक्ती तिच्या अंगाशी आली. प्रार्थना संपली तसा येफीम दोन कॅन भरून नदीवरूनच परस्पर बसथांब्याकडे निघाला. शहरातल्या लेकीला, रिम्माला, दिवस गेले होते; हे तीर्थ तिच्यासाठी.

"अहो, थांबा! नका नेऊ ते!" धापा टाकत तिनं त्याची बाही धरली.

"झालं तुझं सुरू? इतकी वर्षं आपल्या बरणीतलं पितोय, मला काय धाड भरली?"

तिनंच तर त्याची खात्री पटवली होती. बस येऊन उभी राहिली. कपितोलिनाला रडूच फुटलं.

"ते नदीचं नव्हतंच हो! झऱ्याचं होतं. मीच बदलत होते, दरवर्षी."

ड्रायव्हर ओरडला, येफीम हलला नाही. बस निघून गेली.

"म्हणजे प्रार्थनेविना?" त्यानं हळूच विचारलं.

"भरताना म्हणायची ना मी. देवा, माझ्या या खुळ्याला सांभाळ."

येफीमनं दोन्ही कॅन बर्फावर उपडे केले. मग एक रिकामा कॅन त्यानं तिच्या हातात दिला.

"चल, दाखव तुझा झरा. आणि तेच म्हण, रिम्मासाठी. 'खुळा' शब्द तेवढा गाळ."