एका म्हशीची रायफल

रंगूआत्यांनी दुभती म्हैस विकली, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं की बाईच्या मनात शेवटी काशीला जायचं आलं. आत्या खडवलीहून कल्याणला आल्या, ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायल्या आणि आमच्या ह्यांना म्हणाल्या, "त्र्यंबका, मला बंदूक घ्यायचीय. तुला इंग्रजी वाचता येतं. चल."

रंगूआत्या म्हणजे ह्यांच्या सख्ख्या आत्या. खडवलीला दिलेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पण घर आणि भाताचं शेत पदरात राहिलं. घर नदीच्या अलीकडच्या काठावर, चांगलं उंचावर. शेत पलीकडच्या काठावर. सगळं दुखणं ह्यातच होतं. भादवा सरता सरता भात दाण्यावर यायचं आणि रानडुकरं उतरायची. नदीला तेव्हा पाणी भरलेलं, आणि नावाडी उन्हं कलली की नाव बांधून घरी जायचा. मग आत्या अलीकडून डबे बडवायच्या, गोफण फिरवायच्या. गोफणीला त्यांचा हात फार चांगला. लहानपणापासून माळ्यावर बसून पाखरं राखलेली बाई ती, बसलेला कावळा सोडा, उडता कावळासुद्धा त्यांच्या गोफणीला भ्यायचा. पण नदीवरून दगड जाणार किती? पाण्यात पडायचा. डुकरं मान वर करूनसुद्धा बघायची नाहीत.

दोन वर्षं पीक असं गेलं. त्यांचे चुलत दीर विश्रामभाऊजी येऊन म्हणाले, वहिनी, शेत मला खंडाने द्या आणि तुम्ही भाच्याकडे कल्याणला जाऊन सुखाने राहा. आत्यांना 'सुखाने' हा शब्दच बोचला. आमच्यावर त्यांची माया होती, पण आमच्या दोन खोल्यांत त्यांना चार दिवसांवर करमायचं नाही. पाचव्या दिवशी त्या उगाचच तांब्याची भांडी घासायला काढायच्या आणि आम्ही समजायचो की आता पोहोचवायला जावं लागणार. औंदा पीक गेलं तर मी येते कल्याणला, असं त्या भाऊजींना बोलून बसल्या होत्या. बोलल्या म्हणजे आल्याच असत्या. म्हणून बंदूक.

हे साल त्रेपन्नचं असेल. पिकं राखायला म्हणून बंदुकीचा परवाना मिळायचा. ठाण्याच्या कचेरीत साहेबांनी विचारलं, बंदूक चालवणार कोण? ह्यांनी घसा साफ केला. पण त्याच्या आत आत्या म्हणाल्या, "मी. हा फक्त वाचायला आलाय." साहेब हसले, पण तलाठ्याने पंचनाम्यात डुकरांची नासधूस नीट लिहिली होती. परवाना मिळाला.

आता आमच्या ह्यांच्याविषयी सांगायला हवं. रेल्वेत कारकून. घरात उंदीर निघाला तर पाटावर चढून उभे राहायचे आणि मला हाक मारायचे. पण परवाना मिळाल्यापासून त्यांच्या अंगात शिकारी संचारला. हापिसातल्या एका जुन्या साहेबाकडून विलायती बंदुकांचं पुस्तक आणलं आणि जेवताना वाचून दाखवायला लागले. कुठल्या रायफलची गोळी पाचशे वारांवर किती खाली येते, कुठल्या नंबराने सांबर पडतं आणि कुठल्याने हत्ती. मी शाळा दुसरीत सोडलेली. पण त्या महिन्यात मला बंदुकांचे नंबर असे पाठ झाले की भाजीवालीने भाव सांगितला तरी मला एखादी रायफल आठवायची.

ठाण्याला तलावाच्या बाजूला तय्यबभाई म्हणून बोहरी शेठ होते, त्यांचं बंदुकांचं दुकान. आम्ही तिघं गेलो. मी भाकरीचं फडकं धरायला. आत्यांच्या कमरेला म्हशीचे पैसे गाठीत बांधलेले. त्यातच बंदूक, त्यातच काडतुसं, असं त्यांनी घरून निघतानाच बजावलं होतं. दुकानात त्या किमती रुपयांत ऐकायच्या आणि म्हशीत बोलायच्या.

तय्यबभाईंनी पहिली काढली ती बारा बोअरची एक नळीवाली. शेतावर सगळे हीच नेतात म्हणाले. अर्धी म्हैस. आत्यांनी विचारलं, लांब किती जाते? चाळीस-पन्नास पावलं. आत्यांनी ती परत केली, कारण मग ती घेऊन नदीत उभं राहावं लागलं असतं.

दुसरी बावीस नंबरची. हलकी, काठीसारखी, काडतुसं शेंगदाण्याएवढी, पाव म्हशीहून थोडी जास्त. आत्यांना आवडली होती. पण तय्यबभाई माणूस सरळ. म्हणाले, "ससा पडेल बाई. डुकराला फक्त राग येईल."

"राग मला आलाय तेवढा पुरे," आत्या म्हणाल्या.

मग शेठने आतून एक लांब पेटी आणली. एक इंग्रज साहेब मायदेशी जाताना ठेवून गेला होता. पातळ नळी, अक्रोडाचा दस्ता, वर दुर्बीण. नंबर दोनशे पंच्याहत्तर. आमचे हे खुर्चीवरून उठलेच. पुस्तकात ह्याच रायफलीला त्यांनी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. ह्या नंबराची गोळी तारेसारखी सरळ जाते, खांद्याला धक्का कमी, पाचशे वारांवर म्हणाल ते मारा. शेठला ती पेटी कधीची घालवायची होती, त्यामुळे भावही उतरवला. एक म्हैस आणि वर एक रेडकू.

आत्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. पहिल्यांदा त्यांना ह्यांचं नाक दिसलं आणि त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग दस्ता खांद्याला टेकवला तर बोट चापापर्यंत पोहोचेना. साहेबाचे हात लांब असणार. ह्यांनी लगेच सांगितलं की सुतार दस्ता कापून देईल. आत्यांनी विचारलं, काडतुसं किती? अर्धा डबा. तो संपल्यावर? शेठ म्हणाले, विलायतेहून येतील, सरकारने माल येऊ दिला म्हणजे.

"म्हणजे म्हैस इथली आणि वैरण विलायतेहून," आत्या म्हणाल्या आणि पेटी मिटली. आमच्या ह्यांचा चेहरा बघवत नव्हता.

उरली ती तीनशे पंधरा. मुरबाडकडच्या एका जंगल-ठेकेदाराने परत दिलेली, जड, दस्त्यावर ओरखडे, दुर्बीण नाही, नेम धरायला नुसती नळीच्या टोकाला माशी. पण तिची काडतुसं शेठकडे फळीवर रचून ठेवलेली होती आणि दर वर्षी मिळणार होती. काडतुसं धरून बरोबर एक म्हैस. ह्यांनी नाक मुरडलं, की ही काही पाचशे वारांची नाही. तय्यबभाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. आत्यांना विचारलं, तुमचं डुक्कर उभं कुठे राहतं?

आत्या म्हणाल्या, माझ्या गोफणीचा दगड पडतो, त्याच्या पुढे अजून निम्मं.

शेठने दुकानाच्या दारात येऊन रस्त्याकडे बोट केलं, दगड त्या पिंपळापर्यंत जातो का त्या टांग्यापर्यंत, असं विचारून घेतलं आणि म्हणाले, दीडशे वार. ह्याला ही पुष्कळ झाली. आत्यांनी कमरेची गाठ सोडायला हात घातला.

तेव्हा शेठनी सहज विचारावं तसं विचारलं, "आणि डुकराच्या पाठीमागे काय आहे?"

आत्यांचा हात तिथेच थांबला. शेठ समजावून सांगायला लागले, की ही गोफण नाही. चुकली तर गोळी पुढे मैलभर जाते आणि तिला कोण मधे आलं ते दिसत नाही. आत्यांना समजावायची गरज नव्हती. शेताच्या पाठीमागे जमीन हळूहळू चढत जायची आणि तिथे कातकऱ्यांची वाडी होती. आवणीला, कापणीला आत्यांच्या जोडीला येणारी रखमाबाई तिथली. तिची पोरं संध्याकाळी बांधावर खेकडे धरत हिंडायची.

आत्यांनी गाठ परत घट्ट केली. शेठला म्हणाल्या, राहू दे.

आम्ही तलावाच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. मी भाकरी सोडली, कोणी खाईना. हे हळू आवाजात म्हणाले की आत्या, कल्याणला या, तुम्हाला खिडकीजवळची जागा देतो. बिचाऱ्याने मनापासून म्हटलं. आत्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडला, पायरीवर ठेवला, त्याच्या भोवती कांद्याच्या पाकळ्या मांडल्या. मला वाटलं, घास काढून ठेवतायत. पण ती भाकरी म्हणजे शेत होतं. ही पाकळी म्हणजे वाडी, ही नदी, हे आपलं घर. बराच वेळ बघत बसल्या. मग भाकरीच्या एका कोपऱ्यापाशी मिठाची पुडी उभी करून ठेवली.

"दरड," त्या म्हणाल्या. "त्या कोपऱ्याला पाठीमागे दरड आहे. दोन पुरुष उंच माती. गोळी तिच्यात जाईल."

हे म्हणाले, पण डुकरं त्याच कोपऱ्यात कशाला येतील?

आत्यांनी कांदा खायला घेतला. म्हणाल्या, डुकराला मी दार ठेवीन ना.

आम्ही परत दुकानात गेलो आणि तीनशे पंधरा घेतली. दस्ता दोन बोटं कापून घेतला.

त्या पावसात आत्यांनी शेताला करवंदीच्या आणि बोरीच्या काट्यांचं असं कुंपण घातलं की मुंगसालासुद्धा पदर सावरून जावं लागावं. फक्त दरडीच्या कोपऱ्याला फट ठेवली आणि आतल्या बाजूला तेवढ्या तुकड्यात भात न लावता रताळी लावली. गाव हसलं. विश्रामभाऊजी म्हणाले, वहिनी आता डुकरांना पंगत वाढणार. रखमाबाईशी मात्र आत्यांचं ठरलं होतं. संध्याकाळी वाडीतली सगळी पोरं घरात आली की तिने पत्र्याचा डबा वाजवायचा. तो नदीपलीकडून ऐकू आल्याशिवाय आत्या रायफलीत काडतूस घालायच्या नाहीत. एकदा डबा वाजला नाही, आणि डुकरं त्यांच्यासमोर पोटभर रताळी खाऊन गेली. आत्या नुसत्या बघत बसल्या.

दसऱ्यानंतर मी तिकडे गेले होते. घराच्या परसात काठावर आत्यांनी बाज टाकली होती, तिच्यावर भुशाचं पोतं, पोत्यावर नळी. ऊन पिवळं झालं होतं. डबा वाजला. थोड्या वेळाने फटीतून एक मोठा काळा डुक्कर आला, अगदी जावयासारखा, इकडे तिकडे न बघता. आत्यांनी चाप ओढला. माझ्या कानांना दडे बसले. दरडीची माती उडाली, डुक्कर पळाला, आणि आत्या खांदा धरून खाली बसल्या. मला वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, माती उडालेली दिसली ना, मग झालं. गोळी कुठे गेली ते मला कळलं.

खांद्याला मी आंबेहळद लावत राहिले. तो काळानिळा खांदा घेऊन त्या परत रोज बसल्या, आणि चौथ्या-पाचव्या संध्याकाळी तोच जावई परत आला तो तिथेच राहिला.

सकाळी नाव घालून माणसं गेली. वाटे पडले. पहिला वाटा आत्यांनी डबा वाजवणारीचा काढला, मग गावाचे. विश्रामभाऊजी स्वतः आले नाहीत, त्यांनी आपल्या बायकोला, शेवंतीला, पातेलं घेऊन पाठवलं. पातेलं बरंच मोठं होतं. आत्यांनी ते भरून दिलं.

भात घरात आलं. कल्याणचं नाव कोणी काढलं नाही. पुढल्या वर्षी डुकरांनी आत्यांच्या शेताचा नाद सोडला आणि भाऊजींच्या शेताची वाट धरली. एक दिवस भाऊजी परसात येऊन उभे राहिले. नदीला पाणी फार आहे म्हणाले, हवा बरी आहे म्हणाले. शेवटी म्हणाले, वहिनी, चार दिवस रायफल घेऊन आमच्याकडे बसाल का?

आत्या भात पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं नाही.

"येईन की भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या डुकराच्या पाठीमागे काय आहे, ते मला आधी चालत नेऊन दाखवा."