हद्दवाढीच्या हरकती

ग्रामपंचायतीत दोन टर्म मेंबर राहिलं, की माणसाजवळ दुसरं काही उरो न उरो, किस्से उरतात. आम्ही जुने मेंबर चहाला जमलो, की गाडी हमखास हद्दवाढीवर येते.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, तालुक्याच्या शहराला खेटून. नव्वदच्या दशकात सरकारनं शहराची हद्द वाढवायची अधिसूचना काढली, हरकती मागवल्या. त्या नव्या हद्दीत आमचं गाव होतं. सर्वांत खूश झाले किराणावाले गोपालशेठ. दुकानाच्या बोर्डावरचं गावाचं नाव खोडून त्यांनी शहराचं लिहून घेतलं. मग कोणीतरी सांगितलं, की शहरात गेलं की मालावर जकात लागते. दुसऱ्या दिवशी पेंटर पुन्हा शिडीवर, आणि गावातली पहिली हरकत गोपालशेठची!

*

सरपंच होत्या कमलाबाई, महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या. ग्रामसभा नेहमी दुपारी व्हायची, तेव्हा बाया कापूस वेचायला गेलेल्या. हद्दवाढीविरुद्धच्या ठरावासाठी कमलाबाईंनी सभा संध्याकाळी ठेवली आणि घरोघरी जाऊन सांगितलं. मारुतीच्या देवळाचं पटांगण बायांनी असं भरलं, की पुरुष रस्त्यावर! माझे वडील बाहेरून म्हणाले, "आमाले आत येऊ द्या ना."

आतून माझी आई बोलली, "हात तिथूनच वर करा."

ठराव एकमतानं पास.

*

हरकतींच्या सुनावणीत सरकारी साहेबांनी विचारलं, शहरात गेलं तर गावाची सुधारणाच होईल, मग विरोध कशाला?

कमलाबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मागच्या हद्दवाढीत आमच्या शेजारची वस्ती शहरात गेली. पहिले ते पाहून या, मंग आमचं ठरवा."

साहेब खरंच आले. वस्तीतल्या चिखलात त्यांची जीप रुतली. आमच्या गावच्या बैलजोडीनं ती ओढून काढली. कमलाबाईंनी साहेबांना पाय धुवायला पाणी दिलं.

शेवटच्या अधिसूचनेत आमचं गाव नव्हतं. मग काय, गुलाल, बँड, आणि बँडपुढे नाचणारे गोपालशेठ!

*

गुलाल धुऊन झाला होता. एका सकाळी त्या शेजारच्या वस्तीतली माणसं पंचायतीत येऊन बसली. आम्हाला वाटलं, अभिनंदनाला आली. कमलाबाईंनी चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर त्यांच्यातले एक म्हातारे काका पुढे सरकले आणि हळूच म्हणाले,

"बाई, तुमच्या गावाची हद्द वाढवता येते का?"