अकरावा माणूस

मॅनेजर झालो तेव्हा वाटलं होतं, आता रेषेबाहेर उभं राहून नुसतं ओरडायचं. मोबाइलवर मी स्कॉटलंडच्या एका माजी फुटबॉलपटूला बघायचो. उमेदीची सगळी वर्षं मधल्या फळीत खेळला आणि मग क्लबचा मॅनेजर झाला. लांब कोट घालून, खिशात हात घालून उभा असायचा. त्याचं बरं होतं, त्याला खेळाडू मिळत होते. आमच्या पेणच्या क्लबला अकरा डोकी जमवताना माझ्या नाकी नऊ यायचे.

क्लबात निम्मे धाटावच्या कंपन्यांतले, निम्मे आसपासच्या गावांतले शेतकरी. रविवारी सकाळी मी फोन घेऊन बसायचो. एकाची शिफ्ट बदललेली, दुसऱ्याला वाल पेरायचे, तिसऱ्याच्या मेव्हण्याचा साखरपुडा. एका माणसाला मेव्हणे असावेत तरी किती? शेवटी दहाच जण भरायचे आणि मी बूट चढवायचो. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर केव्हाच फुली मारली होती. बायको म्हणायची, शाळेत उभं राहून शिकवण्यापुरते तरी पाय शिल्लक ठेवा. मी वैतागून म्हणायचो, मला काय हौस आहे? अकरावा माणूस आणून दे, लगेच थांबतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवायचा तो कासू गावचा, धाटावच्या कंपनीतला एक ऑपरेटर. माझ्याच जागेवर खेळणारा, तिशीतला, त्याच्या पायात चेंडू आला की बघत राहावं असा. आणि हा पठ्ठ्या बरोब्बर रविवारी शिफ्टला! त्याच्या पाठीमागे मी त्याला नाही नाही ते बोललो आहे.

यंदा आम्ही फायनलला पोचलो, तीही रोह्याच्या संघाशी. तेव्हा मी स्वतःच धाटावला गेलो. त्याच्या सुपरवायझरला गाठलं, हात जोडले, एवढा एक रविवार त्याला सोडा म्हटलं. सुपरवायझर चक्रावला. म्हणाला, रविवारची शिफ्ट तर तो स्वतःच मागून घेतो.

माझं डोकंच सणकलं. गेटवर त्याची वाट बघत थांबलो आणि तो बाहेर आल्या आल्या त्याला फैलावर घेतलं. त्याने हेल्मेट हातात फिरवत सगळं ऐकून घेतलं.

"सर, पयला येत होतो की," तो म्हणाला. "चार येळा आलो. चारी येळा कपडे घालून बाहेर बसलो. मधे तुमीच. तुमाला नको खेळू, कोन बोलणार?"

मला ते आठवेचना. मग आठवलं. त्या चारही रविवारी माझा गुडघा बरा होता, निदान मी सगळ्यांना तसं सांगितलं होतं. राग तरीही त्याचाच आला. आधी बोलायला काय झालं होतं? पेणला पोचेपर्यंत मी गाडीवर त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होतो आणि प्रत्येक वेळी हरत होतो.

फायनलच्या दिवशी तो शिफ्ट सोडून आला होता. मी दहा नावं लिहिली आणि बराच वेळ थांबलो. मग अकरावं त्याचं लिहिलं. कागद कप्तानाकडे दिला. त्याने वाचला, घडी करून खिशात टाकला, आणि सगळे मैदानात पळाले. सर, तुम्ही का नाही, असं कुणीतरी विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. कुणीच विचारलं नाही.