बन्सीच्या डोक्याला कुलूप

बोईसर-पालघर रस्त्यावरच्या त्या कॉलेजात तीन संगणक होते आणि एक बन्सी होता. पहिला संगणक प्राचार्यांच्या टेबलावर शोभेला. दुसरा दिवाळीपासून बंद. तिसऱ्याला पासवर्ड होता, पण ज्याला तो ठाऊक होता तो गृहस्थ बदली होऊन गेला आणि जाताना पासवर्डही घेऊन गेला. त्यामुळे सगळं कॉलेज बन्सीवर चालायचं.

बन्सी हेडक्लार्क. एकोणतीस वर्षांची नोकरी. कुठल्याही पोराचं नाव काढा, पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकलून बन्सी सुरू व्हायचा, "रोल नंबर एकशे चार. आईचं नाव मंजुळा. बाप कारखान्यात दुसऱ्या पाळीला. मोबाइलच्या शेवटी सहासष्ट. रक्तगट बी पॉझिटिव्ह. बारावीला इंग्रजीत पस्तीस, तेही मागून ढकलून."

आता एवढा ऐवज डोक्यात घेऊन माणूस गप्प बसेल का? बन्सी तर मुळीच नाही. अकराच्या ठोक्याला तो गेटासमोरच्या अंकुशच्या टपरीवर जायचा. तिथे चहा कटिंग मिळायचा, माहिती फुल. लग्नं जुळवणारी येसूबाई बाकाचं एक टोक कायमचं अडवून बसलेली असायची. मासवणपासून बोईसरपर्यंत कुणाच्या घरात लग्नाची मुलगी आहे हे तिला पाठ. पण मुलीला चष्मा कितीचा, एटीकेटी किती, बाप फॉर्मात काय लिहितो आणि खरं काय, हा पुढचा माल बन्सीकडचा. होता होता तशी रीतच पडून गेली. मुलाकडच्यांनी शनिवारी कॉलेजात येऊन बन्सीकडे चौकशी करायची आणि रविवारी मुलगी बघायला जायचं. बन्सीने मान हलवली की अर्धं लग्न उरकलं.

अशा सुखात दिवस चाललेले असताना एका मंगळवारी लाडकी ऑफिसात आली. लाडकी म्हणजे मासवणच्या पलीकडे डोंगराला चिकटलेल्या पाड्यावरची पोर. कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. त्या पाड्यावरून इथवर पोचलेली पहिलीच.

"काका, माजा रक्तगट येसूबाईला कुनी सांगला?"

"मला काय माहीत?" बन्सी म्हणाला, आणि सवयीने पुढे बोलून गेला, "ओ पॉझिटिव्ह ना?"

"तोच! स्थळ घेऊन आली ती. रूपेश नावाचा पोर, हितंच कारखान्यात कायम हाय. त्याला माजे अकरावीचे मार्क पाठ हायेत. मनासुदा पाठ नाय!"

"मग बाप काय बोलतो?"

"बाप खूश. बोलतो, पोरीला बघायच्या आदी रक्तगट इचारनारा मानूस, तो जपल पोरीला. रविवारी येनार हायेत बघायला. हो बोलले का मार्चात लगीन. आन माजी परीक्षा एप्रिलला. एकदा ऱ्हायली का ऱ्हायलीच ती."

बन्सी पानाची शीर कुरतडत बसला. लाडकी मात्र तिथे थांबली नाही. चार ओळींची तक्रार लिहून थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरली.

प्राचार्या हेतल मॅडमना दरदरून घाम फुटला. विद्यार्थ्यांची खाजगी माहिती नीट सांभाळा, असं परिपत्रक महिन्यापूर्वीच आलं होतं. त्यांनी त्यावर 'पाहिले' असं लिहून, सही करून ते सांभाळून ठेवलं होतं, म्हणजे परिपत्रक. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पालघरहून प्रफुल्ल नावाच्या तज्ज्ञाला बोलावलं. त्याने तिन्ही संगणकांपुढे दोन तास घालवले.

"मॅडम, इथून माहिती फुटणं अशक्य आहे," तो म्हणाला. "इथून ती मिळणंच अशक्य आहे."

"मग मुलांची माहिती लागली तर आम्ही काय करतो, बन्सी?" मॅडमनी विचारलं.

"मला विचारता," बन्सी छाती काढून म्हणाला.

प्रफुल्लने त्याच्याकडे वळून नीट पाहिलं. पाचसहा नावं विचारली. बन्सीने आजोळासकट सांगितली. तज्ज्ञाचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे सगळ्या कॉलेजची माहिती एकाच जागी! कुलूप नाही, पासवर्ड नाही, आणि रोज अकरा वाजता ती स्वतःच्या पायाने चहाला बाहेर जाते? आणि बॅकअप?"

"म्हंजे?"

"हीच माहिती आणखी कुठे साठवलेली असते का?"

"घरी. बायकोकडे," बन्सी प्रामाणिकपणे म्हणाला. "रोज जेवताना देतो."

प्रफुल्लने अहवालात लिहिलं, 'बॅकअप : उषा.'

गुरुवारपासून बंदोबस्त सुरू झाला. बन्सीच्या टेबलाभोवती लोखंडी जाळी बसली. जाळीला कुलूप, किल्ली मॅडमकडे. बन्सीशी बोलायचं तर आधी वहीत नाव, वेळ आणि कारण लिहायचं. एका शिक्षकाने 'सहज' असं कारण लिहिलं, त्याला परत पाठवलं. अंकुश जाळीतून चहा आत सरकवायचा आणि शिपायासमोर सही करून मुकाट्याने निघून जायचा. उषालाही कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र गेलं. तिने बन्सीबरोबरच तोंडी उत्तर धाडलं, "मॅडमना सांगा, मी तुमच्या नोकरीत नाय."

दोन दिवसांत बन्सी पार सुकला. पण लाडकीचं समाधान होईना.

"कुलूप काय कामाचं, सर?" ती प्रफुल्लला म्हणाली. "उद्या शनिवार. पोराकडले चौकशीला येतील, जाळीतून इचारतील, हे जाळीतून सांगतील. माजं ह्यांच्या डोक्यातूनच काडा."

मॅडम हसल्या. प्रफुल्ल हसला नाही. त्याने बॅगेतून कायदा काढला, पानं उलटली आणि म्हणाला, "तिचा हक्क आहे. कपाटातली मूळ प्रत राहील, ती लागते. ही मात्र जादा नक्कल आहे. मागणी आली की पुसावी लागेल."

"डोकं पुसायचं?"

"पद्धत कॉलेजने ठरवावी."

लाडकीने अर्ज केला. आवक क्रमांक टाकायचं काम बन्सीचंच, तेव्हा आपल्याच डोक्याविरुद्धच्या अर्जावर बन्सीने स्वतःच्या हाताने शिक्का मारून आकडा टाकला. इथे एक सांगायला हवं. बन्सी देवळात जायचा तो प्रसादापुरता, पण आवक क्रमांकावर त्याची खरी श्रद्धा. आकडा पडला म्हणजे कागद निकाली निघालाच पाहिजे. एकोणतीस वर्षांत त्याने एकही कागद लोंबकळत ठेवला नव्हता.

त्याने डोळे मिटले. मॅडम, प्रफुल्ल आणि लाडकी जाळीबाहेर उभी. पाच मिनिटं गेली. कपाळावरची शीर दोनदा उडाली. मग डोळे उघडून त्याने कागद ओढला आणि लिहिलं, 'वरील विद्यार्थिनीची सर्व माहिती माझ्या डोक्यातून कायमची काढून टाकली आहे.'

"वर नाव कुठाय?" मॅडम म्हणाल्या.

"नाव कसं लिहू, मॅडम? काढून टाकलंय ना."

प्रफुल्लने परीक्षा घेतली. लाडकीकडे बोट दाखवून विचारलं, "ही कोण?"

"नवीन ॲडमिशन का?" बन्सी म्हणाला.

शनिवारी दुपारी येसूबाई आली. बरोबर रूपेश आणि त्याचा मामा वामन. वामनमामा बारीक नजरेचा माणूस, टोमॅटोसुद्धा चारदा दाबून घेणारा. वहीत नावं लिहून तिघं जाळीपाशी उभी राहिली.

"बन्सीभाऊ, आपली ती लाडकी. जरा सांगा ह्यांना सगळं," येसूबाई म्हणाली.

"कोण लाडकी?"

"अहो, मासवणकडची. तुमीच तर रक्तगट सांगितला!"

"मी? नाय बा. अशी कुणी मुलगी मला माहीत नाय."

वामनमामाने कान टवकारले. "कॉलेजात हाय का नाय ती?"

"कपाट बघावं लागेल. त्याला अर्ज लागतो."

येसूबाईच्या डोक्यात सणक गेली. तिने तिथल्या तिथे उषाला फोन लावला, स्पीकर सुरू केला. "उषा, ती लाडकी गं. मासवणकडची, तिसऱ्या वर्षाची. बन्सीभाऊंनी तुला सांगितलं असेल."

पलीकडे कढईत झारा वाजत होता. तो थांबला. बन्सीने जाळी घट्ट धरली. नवऱ्याचं एक वेळ पुसता येतं, उषाचं काय येतं!

"लाडकी?" उषा म्हणाली. "कोण लाडकी? आमच्या घरात कॉलेजचा विषयच निघत नाय हो, येसूबाई." आणि फोन ठेवला.

वामनमामा एक पाऊल मागे सरकला. भाच्याचा दंड धरून त्याला व्हरांड्यात नेलं, पण आवाज काही कमी केला नाही. "ऐकलंस? नवराबायको दोगं गप! अरे, हा मानूस प्राचार्यांचं वजन सांगतो चहावर. तो जिच्याबद्दल तोंड उघडत नाय, तिचं केवढं काय असंल! चल, बस पकड."

"पण मामा, रक्तगट जुळतो," रूपेश म्हणाला.

"तो कोंबड्याशी पन जुळंल!"

रविवारी पाड्यावर लाडकीच्या बापाने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. कोंबडा कापलाच होता, तो घरच्यांनीच खाल्ला. लाडकीने दोनदा रस्सा घेतला. चार दिवस थोडी कुजबुज झाली, पण कुजबुजीला माहिती लागते, आणि माहितीच नव्हती. पाचव्या दिवशी विषय मेला.

बातमी मात्र कॉलेजात पसरली. सोमवारी जाळीसमोर रांग. सगळ्यांच्या हातात पुसून टाकण्याचे अर्ज. सपना नावाच्या मुलीला वजन पुसायचं होतं, एका पोराला पूर्ण दुसरं वर्ष. तिसऱ्या नंबरावर हेतल मॅडम स्वतः होत्या, अर्ज घडी घातलेला. बन्सीने प्रत्येकावर आकडा टाकला. महिन्याभरात त्याचं डोकं इतकं मोकळं झालं की जाळी काढली तरी चालेल, असा शेरा प्रफुल्लने दिला.

एप्रिलात लाडकीने परीक्षा दिली. निकालाच्या दिवशी ती ऑफिसात आली.

"नाव?" बन्सीने विचारलं.

तिने पूर्ण नाव सांगितलं. त्याने कपाटातून गुणपत्रिका काढली, पालथी धरून टेबलावर सरकवली आणि खिडकीबाहेर बघत बसला. लाडकीने ती उलटी केली, वाचली. जाताना दारातून मागे वळून एवढं मोठं हसली, की बघणाऱ्याला आकडे न वाचताही कळावं.

अकरा वाजता बन्सी टपरीवर गेला. येसूबाई बाकाच्या टोकाशी होतीच. अंकुशने ग्लास पुढे केला आणि हळूच विचारलं, "काय, किती पडले तिला?"

"कुणाला?" बन्सी म्हणाला, आणि पहिला चहा संपायच्या आतच त्याने दुसरा मागवला. रिकाम्या तोंडाचा त्याला भरवसा नव्हता.