शाल्मलीच्या वाट्याचा नारळ

गेल्या श्रावणात आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी फिरत होती, की तिसऱ्या मजल्यावरच्या मालनवहिनींनी सुनेला ‘तू खरी नाहीस’ म्हणून दारातून परत पाठवलं. इस्त्रीवाल्यासकट सगळ्यांनी हळहळून घेतलं. वहिनींना सूनच नाही, हे मात्र कुणाला आठवलं नाही! त्यांच्या बंटीचं लग्न अजून ठरतंय, आणि ते का ठरत नाही यावर मी बोलणार नाही. वहिनींनी नाकारली ती रोज संध्याकाळच्या मालिकेतली सून, शाल्मली.

ही शाल्मली गाडीसकट दरीत कोसळली आणि महिन्याभराने वेणीही न विस्कटता घरी परतली. त्याला वहिनींची हरकत नव्हती. पण परतल्यावर तिने एका सवाष्णीला हळदीआधी कुंकू लावलं, आणि भिंतीपलीकडून माझ्या स्वयंपाकघरात वहिनींची हाक आली, “निशा! बघितलंस? आधी कुंकू! ही तोतया आहे गं. खरीला कुठेतरी डांबून ठेवलंय.”

“अहो वहिनी, डायरेक्टरचं लक्ष नसेल.”

“त्याचं नसेल. तिचा हात कसा चुकेल?”

झालं. तेव्हापासून आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर सकाळच्या शुभेच्छा बंद आणि शाल्मलीचे फोटो सुरू. जुनी फोडणीत हिंग मोहरीनंतर टाकायची, नवी आधी टाकते. जुनी सासूशी बोलताना पदर सावरायची. मी वाद घातला, विनवण्या केल्या, शेवटी ग्रुप म्यूट केला, तर वहिनी बेल वाजवून सांगायला येऊ लागल्या. त्यांचे यजमान सहदेवभावजी मला जिन्यात म्हणाले, “निशाताई, हल्ली ही जेवताना माझ्याकडेपण निरखून बघते. काल म्हणाली, तुम्ही पूर्वी कोशिंबीर शेवटी खायचात.”

एक मात्र खरं, रीतभात वहिनींनाच विचारावी. संगमेश्वरहून लग्न होऊन नौपाड्यात आल्या, तेव्हापासून कुणाचं डोहाळजेवण, कुणाचं बारसं, सगळं त्यांच्या देखरेखीखाली. महिला मंडळाच्या नवरात्रातल्या हळदीकुंकवाला पाहुणीची ओटी वहिनींनीच भरायची, हा त्यांचा मान. तेवढा एकच मान त्या बाईने आयुष्यात हक्काने घेतलाय.

आणि यंदा अध्यक्ष योगिनीने पाहुणी कोण बोलवावी? शाल्मलीचं काम करणारी नटी!

“मी तोतयाची ओटी भरणार नाही,” वहिनींनी जाहीर केलं.

“नका भरू. संचिता भरेल,” योगिनी म्हणाली.

मंडळातली ही संचिता ओटी भरायला एकदा बसली की पुन्हा उठायची नाही, हे मला माहीत होतं आणि वहिनींनाही. मी डोकं आपटायचं बाकी ठेवलं. “वहिनी, ती पगारी नटी आहे हो! तिचं खरं-खोटं काय घेऊन बसलात?”

“रीत ती रीत,” म्हणून त्यांनी दार लावलं.

कार्यक्रमाच्या दिवशी संचिता नवी पैठणी नेसून पाटाशेजारी घिरट्या घालत होती. एवढ्यात मालनवहिनी खण, नारळ आणि तांदूळ घेऊन सरळ नटीसमोर येऊन उभ्या राहिल्या. ओटी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “आधी तू मला हळदीकुंकू लाव बघू.”

योगिनीने कपाळाला हात लावला. पोरीने हसून करंडा उचलला, बोट हळदीत बुडवलं, मग कुंकवात.

“हे कुणी शिकवलं गं तुला?”

“आईने. मोहन्याची मी, काकू, इथे जवळच. स्वप्ना नाव माझं.”

“मोहन्याची? म्हणजे आपल्याकडचीच की!” म्हणत वहिनींनी तिची ओटी अशी भरली की तांदूळ पाटाखाली सांडले. संचिता बटाटेवड्यांच्या टेबलाकडे वळली.

नंतर टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला जाताना रिक्षात मला राहवेना. “काय वहिनी? निघाली ना खरी? आता तरी त्या शाल्मलीला सोडाल?”

वहिनी म्हणाल्या, “अगं, तिला आधी हळद लावायची हे पाठ आहे. म्हणजे मालिकेत ती चुकली नाही, तिला मुद्दाम तसं करायला लावलं, तोतया दाखवायची म्हणूनच. मी ओटी भरली ती मोहन्याच्या स्वप्नाची. शाल्मलीच्या वाट्याचा नारळ घरी देवापाशी ठेवलाय, ती सुटून आली की देईन.”