मंगलम आधी म्हणा

अक्का गेली हे कळलं तेव्हा मी पापनाशमच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. फोन तिच्या पुतण्याचा, रघूचा. तो चेन्नईला असतो, पण ती आजारी पडल्यापासून तंजावूरला येऊन राहिला होता. "अक्का गेली," एवढं म्हणून त्याने एक श्वास घेतला आणि त्याच दमात सांगून टाकलं, की महिन्याभराने संगीत सभेच्या हॉलमध्ये श्रद्धांजलीचा कार्यक्रम करायचा आहे, वाद्यवृंद सगळा हवा, तुम्ही दुसऱ्या व्हायोलिनमध्ये आहात ना, आणि हो, सभेचे सेतुराव म्हणाले शेवटी मंगलम ठेवू या. अजून तिला घरी आणलं नव्हतं आणि कार्यक्रमाचा शेवट ठरला होता. मी व्हरांड्यात उभी होते. रडू यायला हवं होतं, आला राग. इतके आठवडे झाले, तो उतरलेला नाही, आणि हे मी त्या रागातच लिहिते आहे. मेलेल्या माणसाबद्दल गोडगोडच वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

गिरिजाक्का तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहायची, आमच्या मराठी घरांपैकीच एक घर. राजांबरोबर आलेली आमची माणसं राजे गेले तरी इथेच राहिली, आणि घरात अजून अशी मराठी बोलतात की मी पुण्यात नोकरीला असताना लोक मला विचारायचे, तुम्ही ऐतिहासिक नाटकात काम करता का. अक्काने लग्न केलं नाही. धाकटी बहीण कमळा विधवा होऊन परत आली, तेव्हापासून दोघी एकत्र. अक्का व्हायोलिन शिकवायची, पोरांच्या बोटांवर पट्टी मारायची, आणि उरलेल्या वेळात तिने आयुष्यभर एकच रचना केली. व्हायोलिनं, दोन चेलो, बासऱ्या, जुन्या बँडवाल्यांच्या घरातला एक क्लॅरिनेट, मृदंग, घटम, आणि या सगळ्यांच्या मागे पहिल्यापासून शेवटपर्यंत एक तंबोरा. तिने त्या रचनेला नाव दिलं नाही. आम्ही वाजवणारे तिला नुसतं 'मोठं' म्हणायचो. 'यंदा मोठं कधी?' असं गल्लीतली बायकामाणसंही विचारायची. दर वर्षी थंडीत, म्हणजे आमच्याकडे ज्याला थंडी म्हणतात त्या दिवसांत, सभेच्या हॉलमध्ये ते व्हायचं.

इथल्या श्रोत्याला ऐकायला शिकवण्याची कुणाची छाती नाही. तो मांडीवर ताल धरूनच बसतो. कलेक्टर कचेरीतला कारकून असो की पापनाशमचा भाताचा व्यापारी, उजवा हात मांडीवर, टाळी, बोटं, टाळी, आणि वाजवणारा चुकला की त्याच्याआधी याला कळतं. 'मोठं'च्या पहिल्या भागात सगळा हॉल असा मांडीवर वाजत असायचा. मग दुसऱ्या भागात क्लॅरिनेट खाली उतरतो, व्हायोलिनं त्याच्यामागे जातात, आणि ताल हळूहळू असा पातळ होत जातो की मांडीवरचे हात अडखळतात. माणसं कपाळाला आठ्या घालून पुन्हा पुन्हा पकडायला बघतात. आणि मग कधीतरी हात थांबतात... उताणे होऊन मांडीवर पडतात. अक्का स्वतः वाजवायची नाही, कडेला तंबोऱ्याजवळ उभी राहायची आणि आमच्याकडे न बघता समोरचे हात बघायची. "हात पडला कीं ऐकूं येतं," ती मला एकदा म्हणाली. खरंच होतं ते. तिथून पुढे माणसं रडायची. तो भाताचा व्यापारी एका वर्षी कार्यक्रमानंतर तावातावाने स्टेजजवळ आला आणि माझ्या भावाची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली म्हणून अक्काशी भांडला. त्याला भाऊ होता हे अक्काला त्या दिवशी कळलं. एक निवृत्त तहसीलदार दर वर्षी त्याच जागी हसायचे, तोंडावर उपरणं धरून, लाज वाटेल इतकं. कुणी कौतुक करायला आलं तर अक्का वैतागायची. "रडलांत? सेरी, बरें झालें. आतां घरीं जाऊन जेवा."

पण खरी गोष्ट शेवटाची आहे, आणि माझा रागही तिथलाच. 'मोठं' संपतं तेव्हा एकेक वाद्य थांबत जातं आणि तंबोरा एकटा उरतो. मग तोही थांबतो, आणि काही नाही. अक्काच्या हिशेबी ते 'काही नाही' हाच रचनेचा अखेरचा भाग होता. आम्ही गज खाली न घेता बसायचं, समोरच्यांनी बसायचं, आणि जे आत उतरलं असेल ते वर येऊ द्यायचं. किती वेळ, ते ती ठरवायची. ती तंबोऱ्यावर गवसणी घालायला वाकली की संपलं. तोपर्यंत संपलेलं नाही. आता महाराष्ट्रातल्या वाचकाला भैरवी ठाऊक आहे. आमच्याकडे तिच्या जागी मंगलम असतं, आणि त्याच्याशिवाय कचेरी, म्हणजे मैफल, सोडून उठणं म्हणजे जेवून हात न धुण्यासारखं. पहिल्या वर्षी तंबोरा थांबला, आणि मी मोजून एक श्वास घेतला असेल नसेल, पहिल्या रांगेतून सभेचे सेक्रेटरी सेतुराव उठले आणि हात जोडून त्यांनी मंगलम सुरू केलं. सगळा हॉल सवयीने उभा राहून गाऊ लागला. आमच्यातल्या दोघांनी तर साथही धरली. अक्का नमस्कार न करता स्टेजवरून उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सेतुराव तिच्या ओसरीवर आले. माणूस वाईट नाही, हे मला रागातही लिहायला हवं. सभेसाठी त्यांनी उन्हातान्हात चपला झिजवल्या आहेत. "मंगळ नको म्हणजे काय, अक्का? लोक असे उघडे कसे घरीं पाठवायचे? अपशकून होतो कीं," ते म्हणाले. अक्का तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही रडूं येण्याअगोदरच डोळे पुसून देतां, सेतुराव. पुसूं नका. येऊं द्या." बराच वेळ दोघांचं चाललं. शेवटी कमळाने कॉफी आणली आणि अक्काने तोड काढली: "सेरी. मंगळ पाहिजे ना? पहिलें म्हणून टाका."

आणि तसंच झालं. पुढच्या वर्षीपासून 'मोठं'च्या दिवशी आधी मंगलम व्हायचं, मग रचना, मग ते शेवटचं गप्प बसणं. बाहेरगावचा कुणी नवा माणूस मंगलम ऐकून कार्यक्रम आटोपला असं समजून उठायचा, बाहेर जाऊन चपला शोधायचा, आणि गल्लीतल्या पोरी खिदळत त्याला हाताला धरून परत आणून बसवायच्या. गावभर थट्टा झाली, की या मराठ्यांच्या बायकांच्या घरी पंगत ताकभातापासून सुरू होते. पण लोक बसायला शिकले. पहिली काही वर्षं खोकले, खुर्च्यांची कुरकुर, मग तेही गेलं. एवढा मोठा हॉल, त्यात तंजावूरची माणसं, आणि कुणी बोलत नाही... ज्याने ते पाहिलं नाही त्याला ते सांगून पटणार नाही.

त्या बसणाऱ्यांत अलमेलू मामी होत्या. तिरुवैयारूला नदीच्या घाटाजवळ राहतात. त्यांचा तरणा मुलगा गेला त्या वर्षी कुणीतरी त्यांना आणलं होतं, नंतर त्या आपल्या आपण बसने येऊ लागल्या. दुसऱ्या भागात सगळे रडायचे तेव्हा त्या कोरड्या बसायच्या, हातातला रुमाल घडी घातलेला. तंबोरा थांबला की त्यांच्या खांद्यांना सुरुवात व्हायची, आवाज न करता. अक्काचं गवसणीकडे वाकणं एकेका वर्षी फार लांबायचं. ती कुणासाठी थांबते आहे हे आम्हाला वाद्यवृंदात सगळ्यांना कळायचं. त्या दोघी आपसात कधी चार वाक्यंही बोलल्या नसतील. जाताना मामी तिच्यापुढे मोगऱ्याचा गजरा ठेवायच्या आणि अक्का तो कमळाच्या केसांत खोचायची.

मी अक्काला शेवटचं भेटले ते इस्पितळात. बोलायला तिला धाप लागत होती. मी शाळेच्या गप्पा सांगत होते, त्या तोडून तिने विचारलं, "मी नसलें तर कोण थांबवणार ग त्यांस?" मी म्हटलं, आम्ही आहोत की. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं ती बेसूर पोरांकडे बघायची. तिला आम्ही पुरते ठाऊक होतो. ती गेली तेव्हाचं मला कमळाने सांगितलं. नर्सने मान हलवली, आणि त्याच क्षणी रघूने मोबाइलवर स्तोत्र लावलं, मोठ्याने. प्रेमानेच लावलं असणार. "चुम्मा दोन क्षण पाहिजे होते मज," कमळा म्हणाली. चुम्मा म्हणजे तमिळमध्ये नुसते, उगीच. "तितकेंही दिले नाहींत."

श्रद्धांजलीच्या आधी कमळा आणि मी सेतुरावांकडे गेलो. मागणी एकच होती, की जसं ती करायची तसं करा, मंगलम आधी म्हणा. सेतुरावांनी कानांवर हात ठेवले. मरणानंतरची पहिली कचेरी, आणि मंगळावाचून संपवायची? तिच्या आत्म्याला ते बरं आहे का? रघू म्हणाला, चेन्नईहून पाहुणे येणार आहेत, त्यांना हे विचित्र वाटेल. ज्या बाईने उभ्या आयुष्यात एक हट्ट केला, आणि एवढ्या गावाकडून तो पाळून घेतला, तिचा हट्ट ती गेल्यावर महिनाभर टिकला नाही. वर हे सगळं तिच्या मानासाठी. कमळा म्हणाली, "पोदुम, चल." पोदुम म्हणजे पुरे. ती जिना उतरून गेली.

कार्यक्रमाला हॉल भरून गेला होता. वाजलंही उत्तम. दुखवट्यात माणसं बरं वाजवतात. दुसऱ्या भागात समोरचे हात थांबले, मांडीवर पडले, आणि हुंदके तर पहिल्यापेक्षा जास्त. तंबोऱ्यावर कमळा होती. एकेक वाद्य थांबलं, मग तिने तारांवरून बोट काढलं. मी गज वर धरून बसले होते, समोर अलमेलू मामींचे खांदे नुकते हलू लागलेले मला दिसत होते, आणि माइक खरखरला. रेशमी परकरातल्या चार मुली, आधीपासून तालीम करून उभ्या केलेल्या. मंगलम. हॉल उठला. इतकी वर्षं जे गप्प बसायला शिकले होते तेच लोक डोळे पुसून, हात जोडून, सुरात गाऊ लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर मला स्वच्छ सुटका दिसली. मला त्या मुलींचा राग आला नाही. सेतुरावांचाही तेवढा नाही. त्या सुटकेचा आला. मंगलम चालू असतानाच सभेच्या एका माणसाने लगबगीने पुढे होऊन कमळाच्या हातून तंबोरा घेतला आणि त्यावर गवसणी चढवली.

लोक पांगले. कुणी मला म्हणालं, अक्का असती तर किती खूश झाली असती. मी उत्तर दिलं असतं तर सभा बंद पडली असती. मी व्हायोलिन पेटीत ठेवत होते तेव्हा अलमेलू मामी स्टेजच्या पायरीशी आल्या. गजरा हातातच होता. घडी घातलेला रुमालही. तमिळमध्ये, अगदी हळू आवाजात, चुकीच्या फलाटावर उतरलेलं माणूस विचारतं तसं त्यांनी विचारलं, "अजून झालं नाही ना?"

कमळाने त्यांच्याकडे बघितलं, मग तंबोरा उचलला. आम्ही तिघी चालत गल्लीत आलो. अक्काच्या खोलीत तिची खुर्ची, पोरांना मारायची ती पट्टी, खिडकीत वाळत घातलेली मिरची. कमळाने गवसणी काढून जमिनीवर टाकली, भिंतीला टेकून बसली आणि तंबोरा छेडत राहिली, आणि मग थांबली. शेजारी कुकरची शिट्टी झाली. रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली. मामी रडत होत्या, आवाज न करता, पाहिजे तितका वेळ. मध्येच दारात सेतुराव आले, अक्काच्या फोटोला घातलेली शाल घडी करून हातात. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, तर कमळाने न बघता हात वर केला, अक्का करायची तसाच. ते शाल छातीशी धरून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. हळूहळू खाली बसले.

मला वाटलं होतं आता राग उतरेल. नाही उतरला. चौघांनी एका खोलीत बसून ते भरून निघत नाही. हॉलभर माणसांचं होतं ते, आणि त्यांनी ते आपल्या हाताने परत करून टाकलं. मामींना बसला पोचवून मी परत आले तेव्हा सेतुराव गेले होते. पुढच्या थंडीत काय होईल मला माहीत नाही.

त्यानंतर दर शनिवारी मी पापनाशमहून कमळाकडे जाते. दार लोटलेलं असतं, कॉफी होते. तंबोरा कोपऱ्यात उघडाच उभा आहे, त्याच्यावर धूळ बसते आणि कमळा ती रोज पदराने पुसते. गवसणी घडी करून अक्काच्या खुर्चीवर ठेवली आहे. ती अजून कुणी घातलेली नाही.